ती रात्र येणारच होती

आत्या न्हाणीच्या उंबऱ्याशी बसली होती आणि तिला उठता येत नव्हतं. शनिवार, रात्रीचे सव्वाअकरा. “पाय माझे नाहीतच गं,” ती म्हणाली. आवाजात घाबरेपणा नव्हता. चष्मा जागेवर सापडत नाही म्हणून सांगावं, तसं सांगितलं तिनं.

आत्या ६७ वर्षांची. चार वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनचा शेक झाला. मग वर्षभरापूर्वी तो हाडांत उतरल्याचं कळलं. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं : हा आजार आता पूर्ण जाणार नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहील. त्यानंतरही ती मळ्यात जात होती, लोणची घालत होती, नातीची वेणी घालून देत होती. शेवटच्या तीन आठवड्यांत पाठ दुखू लागली. आडवं पडलं की जास्त. खोकला आला की कळ पट्ट्यासारखी बरगड्यांभोवती फिरायची. आम्ही तेल चोळलं, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं आणि वयाला दोष दिला.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत साडेबारा वाजले. कॅज्युअल्टीत दोन मोटारसायकलींची टक्कर आली होती, एक सर्पदंश होता, एका तरुणानं कीटकनाशक प्यायलं होतं. एकच निवासी डॉक्टर सगळीकडे धावत होता. तो आमच्यापाशी आला आणि त्यानं विचारलं, “फाइल?” फाइल पुण्याला दादाच्या कपाटात होती. “कुठली स्टेज?” दादानं फोनवरून सांगितलं, चौथी. त्या शब्दानंतर घाई संपली. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं गेलं, सलाईन लागलं, केसपेपरवर लिहिलं गेलं : अशक्तपणा. “आजींना आता असंच होत राहणार. सोमवारी ओपीडीत दाखवा.”

सोमवारी एमआरआय झाला. मणक्यात वाढलेली गाठ मज्जारज्जूवर दाबत होती. लगेच स्टेरॉइड सुरू झालं, दुसऱ्या दिवसापासून शेक दिला गेला. पाठीची कळ कमी झाली. पाय मात्र परत आले नाहीत. आत्या त्यानंतर पाच महिने जगली, त्यातला एकही दिवस ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली नाही.

त्या तरुण डॉक्टरवर माझा राग नाही. तो रात्रभर बसलेला मी पाहिला नाही. पण शनिवार रात्र ते सोमवार सकाळ हा दीड दिवस माझ्या मनातून जात नाही. त्या दीड दिवसात काय व्हायला हवं होतं, हे मी नंतर वाचत गेले, माहीतगारांना विचारत गेले. जे कळलं ते इथे मांडते आहे. कारण आपल्या देशात २०२२ या एका वर्षात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण निघाले आणि ९ लाखांहून जास्त माणसं त्यानं गेली, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यांतल्या कितीतरी घरांत कधीतरी अशी एक रात्र आली असेल.

घाईचे आजार

“शेवटची स्टेज” म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे संथ उतार येतो. माणूस हळूहळू खंगत जाणार, आपण शेजारी बसून राहणार. खरं तर या उतारावर मधेच कडे असतात आणि त्यांतले पुष्कळसे आधी ठाऊक असलेले असतात.

मज्जारज्जूवरचा दाब हा त्यांपैकी एक. स्तन, प्रोस्टेट आणि फुफ्फुस यांचे कर्करोग मणक्यांत पसरायची शक्यता बरीच असते. आधी पाठदुखी येते, आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारी, पट्ट्यासारखी. मग पाय जड होतात, चाल अडखळते, शेवटी लघवी अडते. पाय पूर्ण जाण्याआधी उपचार मिळाले तर चालत आलेला माणूस बहुधा चालत राहतो. पाय गेल्यावर मिळाले तर ते परत येणं अवघड. पहिला उपचार डेक्सामेथासोन. कोविडच्या काळात घराघरांत नाव पोहोचलेलं हे स्वस्त इंजेक्शन कुठल्याही कॅज्युअल्टीत असतं. आमच्या आत्याजवळ त्या रात्री वेळ होता आणि कपाटात औषध होतं. त्या दोघांची गाठ घालून देणारा प्रश्न कुणी विचारला नाही : पाठ कधीपासून दुखते?

दुसरा कडा तापाचा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात आलेला ताप हा साधा ताप नसतो. शरीराकडे लढायला सैन्यच नसतं आणि संसर्ग काही तासांत रक्तभर पसरू शकतो. अशा रुग्णाला दाराशी आल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक मिळालं पाहिजे, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपण घरी क्रोसिन देतो, ताप उतरला म्हणून निर्धास्त होतो आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा शोधतो. रुग्णालयात पोहोचल्यावरही रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत थांबलं जातं. त्या दोन्ही थांबण्यांत जीव जातो, आणि तोही अशा माणसाचा, ज्याला कर्करोगानं आणखी दोन वर्षं कदाचित दिली असती.

तिसरा कडा फसवा आहे. आजी एकाएकी असंबद्ध बोलू लागतात, सारखी तहान लागते, पोट साफ होत नाही, दिवसभर झोप. घरच्यांना वाटतं, आता निघाल्या. पुष्कळदा ते रक्तात वाढलेलं कॅल्शियम असतं. भरपूर सलाईन आणि हाडांसाठीचं एक इंजेक्शन मिळालं तर दोन-चार दिवसांत माणूस शुद्धीवर येऊन नातवाचं नाव घेऊ शकतो. एका रक्ततपासणीचा प्रश्न असतो.

याखेरीज छातीत किंवा पोटात साचलेलं पाणी, आतड्यात झालेला अडथळा, गोळ्यांनी झालेला मलावरोध. आणि आपल्याकडे, तंबाखू-गुटख्याच्या या मुलखात, तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाच्या जखमा. त्यांतून अचानक रक्त येतं. त्यांना वास येतो, कधी त्यांत अळ्या पडतात, आणि लाजेनं दहा दिवस दार लावून बसलेलं कुटुंब अखेर रात्री तोंडाला फडकं बांधून दवाखान्यात येतं. अनुभवी सिस्टर अशा घराला आधीच सांगून ठेवते : गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवा, म्हणजे रक्त दिसून रुग्ण घाबरणार नाही. जखमेवर मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड टाका, वास उतरतो. चार रुपयांची ही विद्या आहे. ती जिथे पोहोचते तिथे मध्यरात्रीचा आकांत टळतो.

दोन टोकं

प्रगत कर्करोगाच्या रुग्णाला कॅज्युअल्टीत दोन अगदी उलट प्रकारची वागणूक मिळते.

एक आत्याला मिळाली ती. “चौथी स्टेज” ऐकलं की, आता काय करणार, असा निःश्वास. जे दुरुस्त होण्याजोगं होतं तेही मग आजाराच्या खात्यावर टाकलं जातं.

दुसरी याच्या नेमकी विरुद्ध. श्वास लागलेल्या रुग्णाच्या घशात पाच मिनिटांत नळी जाते, तो व्हेंटिलेटरवर जातो, आयसीयूचं दार बंद होतं. बाहेर नातेवाईक दागिने गहाण ठेवत राहतात. ज्याच्या शरीरभर आजार पसरला आहे आणि ज्याला यापुढे उपचार पेलणार नाहीत, अशा माणसाचं हृदय थांबल्यावर छाती दाबून त्याला पुन्हा घरी पाठवता येण्याची शक्यता फारच थोडी असते. त्या रुग्णाला स्वतःला हे हवं होतं का, हे कुणालाच माहीत नसतं. घरात त्याच्यासमोर तो विषय कुणी काढलेलाच नसतो. “त्यांना सांगू नका हं, खचून जातील,” असं आपण दारातच डॉक्टरांना बजावलेलं असतं.

ही दोन टोकं एकमेकांपासून लांब दिसतात, पण दोन्हींचं मूळ एकच आहे. समोरच्या माणसाबद्दल त्या क्षणी कुणाला काही माहीत नसतं. आजार कुठवर गेला आहे, काल काय औषध घेतलं, आजच्या त्रासातलं काय सुधारण्याजोगं आहे आणि त्या माणसाला काय हवं आहे. अपघात विभागाची घडणच अनपेक्षितासाठी झाली आहे. अपघातग्रस्ताचं नावही माहीत नसताना त्याला वाचवायचं, हे तिथलं कौशल्य आहे आणि ते थोर आहे. पण कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यावर येणारी रात्र हा अपघात नसतो. ती येणार हे महिनोन्‌महिने आधी ठाऊक असतं. आपण तिला अपघातासारखं भेटतो, एवढंच.

त्यामुळे कॅज्युअल्टीतली सेवा सुधारायची म्हणजे फक्त तिथल्या डॉक्टरांना शिकवायचं, असं नाही. निम्मं काम त्या दाराच्या अलीकडे आहे.

कपाटातलं औषध

आधी दाराच्या आतलं पाहू. आत शिरणाऱ्या या रुग्णांची सगळ्यात मोठी तक्रार वेदना असते, आणि तिच्यावरचं सगळ्यात खात्रीचं औषध मॉर्फिन. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची शिडी मांडली. सौम्य औषधापासून सुरुवात, वरच्या पायरीवर मॉर्फिन. तेव्हापासून हे वैद्यकशास्त्राचं गुपित राहिलेलं नाही.

भारताच्या बाबतीत याला एक बोचरी बाजू आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत ती जाते, जगाच्या औषधांना कच्चा माल पुरवते. आणि आपल्याच रुग्णाला गोळी मिळत नाही. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं हिशेब मांडला, तेव्हा भारतात गरजेच्या सुमारे ४ टक्केच ओपिऑइड वेदनाशामक रुग्णांपर्यंत पोहोचत असल्याचं दिसलं.

कारण कायद्यात होतं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं नशेखोराला धरायला जे जाळं विणलं, त्यात वेदनेनं तळमळणारा रुग्णही अडकला. रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचं तर अनेक खात्यांचे अनेक परवाने. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा यायचा नाही. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१४ साली संसदेनं कायदा दुरुस्त केला. मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली.

कायदा बदलला, भीती उरली. मॉर्फिन दिलं की श्वास बंद पडेल, सवय लागेल, नोंदवहीत चूक झाली तर चौकशी लागेल. या तीन भीतींमुळे कुलूप उघडत नाही. सवयीची भीती कर्करोगाच्या वेदनेत जवळपास गैरलागू आहे. श्वासाची भीती मापानं दिलेल्या औषधानं दूर होते, आणि ते माप कुणी परदेशातून आणून देण्याचीही गरज नाही. केरळातल्या कालिकतच्या डॉक्टरांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र वेदनेत आलेल्या रुग्णांना शिरेतून दीड मिलिग्रॅम मॉर्फिन, दहा मिनिटं थांबायचं, विचारायचं, गरज असेल तर पुन्हा दीड. वेदना उतरली किंवा रुग्णाला गुंगी आली की थांबायचं. तोंडावाटे औषध सुरू करण्यापेक्षा या पद्धतीनं आराम कितीतरी लवकर मिळाला. दहा-दहा मिनिटांच्या या पायऱ्या गर्दीच्या कॅज्युअल्टीतही चढता येतात, कारण त्यांना यंत्र लागत नाही. दर दहा मिनिटांनी येऊन “आता किती दुखतंय?” विचारणारं माणूस लागतं.

धाप लागलेल्या रुग्णालाही मॉर्फिनच्या अगदी लहान मात्रेनं आणि चेहऱ्यावर येणाऱ्या पंख्याच्या वाऱ्यानं आराम पडतो. पंख्याचं ऐकून मलाही आधी विश्वास वाटला नव्हता. पुढे मी तो डोळ्यांनी पाहिला.

परळचा फुटपाथ

मुंबईत परळला अर्नेस्ट बोर्जेस रस्त्यावरून कधीही जा, टाटा मेमोरियलच्या भिंतीलगत पथाऱ्या दिसतात. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, विदर्भ, मराठवाडा. प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे, उशाशी पाण्याची बाटली, नाकात नळी घातलेला माणूस भिंतीला टेकून बसलेला. १९४१ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टनं सुरू केलेलं हे रुग्णालय आज देशाच्या कर्करोग-उपचारांचा कणा आहे. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशाच कुटुंबांना आसरा देते. जे इथपर्यंत येतात त्यांची फाइल इथे असते, डॉक्टर ओळखीचे असतात, रात्री काही झालं तर दार समोर असतं.

अडचण सुरू होते ती परतीच्या गाडीत बसल्यावर. “आता गावी न्या, सेवा करा,” असं सांगितलेलं कुटुंब लातूरला किंवा गोंदियाला उतरतं तेव्हा त्याच्यामागे कुणीच नसतं. परळच्या डॉक्टरांनी काय ठरवलं हे गावच्या डॉक्टरला ठाऊक नाही. मॉर्फिनची गोळी जवळच्या दुकानात नाही. मग रात्री १०८ ला फोन. गाडी येते, जवळच्या कॅज्युअल्टीत नेते, आणि तिथे पुन्हा पहिला प्रश्न : फाइल?

या दरीवर पूल बांधणारी माणसं महाराष्ट्रात पूर्वीपासून आहेत. डॉ. लुईस डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केलं. अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा करणारं ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुढे त्याच्या शाखा गोव्यात आणि दिल्लीत निघाल्या. पुण्याजवळ वारज्याला १९९७ पासून सिप्ला संस्थेचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र विनामूल्य काम करतं आणि त्याची पथकं घरीही जातात. टाटा रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह विभागाची पथकंही मुंबईत रुग्णांच्या घरी पोहोचतात. केरळानं तर १९९३ साली कालिकतला सुरू झालेल्या कामातून गल्लोगल्लीच्या स्वयंसेवकांचं जाळं विणलं आणि २००८ साली राज्याचं धोरणच केलं. केंद्र सरकारचा राष्ट्रीय पॅलिएटिव्ह कार्यक्रम २०१२ सालचा.

‘पॅलिएटिव्ह केअर’ या शब्दाचं मराठी करताना आपण ‘उपशामक सेवा’ म्हणतो. लोकांच्या कानाला मात्र तो शब्द “डॉक्टरांनी हात टेकले” असाच ऐकू येतो. वस्तुस्थिती निराळी आहे. अमेरिकेत २०१० साली फुफ्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास झाला. निदानापासूनच नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ज्यांना ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस बरे गेले, अखेरच्या काळात त्यांच्या वाट्याला आक्रमक उपचार कमी आले, आणि ते सरासरी अडीच-पावणेतीन महिने जास्तही जगले. हात टेकण्याचा हा परिणाम नव्हे. हात धरण्याचा आहे.

इतरांनी काय केलं

इंग्लंडमध्ये २००८ साली एका राष्ट्रीय चौकशीनं केमोनंतर ३० दिवसांत दगावलेल्या रुग्णांचे कागद तपासले, आणि तातडीच्या वेळी त्यांना मिळालेली सेवा कितीतरी ठिकाणी तोकडी असल्याचं सांगितलं. त्यानंतर तिथे अपघात विभाग असलेल्या रुग्णालयांत कर्करोगाच्या तातडीसाठी वेगळं पथक उभं करण्यात आलं. केमो घेणाऱ्याच्या खिशात एक कार्ड असतं आणि त्यावर चोवीस तास चालणारा फोन नंबर. फोन उचलणारी परिचारिका ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमानं विचारते आणि सांगते : घरी थांबा, सकाळी या, किंवा आत्ता निघा. मज्जारज्जूवरच्या दाबासाठी तर त्याच वर्षी स्वतंत्र सूचना निघाल्या. पायांत अशक्तपणा जाणवला तर २४ तासांच्या आत एमआरआय, आणि त्याची जुळवाजुळव करायला एक नेमलेला समन्वयक. हे वाचताना मला आमचा शनिवार आठवत होता. त्या रात्री असा एक फोन नंबर आमच्याकडे असता तर.

अमेरिकेत डॉ. इथन बाश यांनी ७६६ रुग्णांवर एक साधी गोष्ट करून पाहिली. रुग्णांनी आपला त्रास नेमानं संगणकावर नोंदवायचा, तो वाढला की नर्सला सूचना जायची. या गटातले रुग्ण आपत्कालीन विभागात कमी वेळा गेले आणि पुढच्या पाहणीत ते जगलेही जास्त. आपल्याकडे याला संगणकच हवा असं नाही. आशाताईनं किंवा रुग्णालयातल्या सिस्टरनं आठवड्यातून एकदा फोन करून पाठ, पाय, ताप, पोट आणि झोप हे पाच शब्द विचारले, तरी पुष्कळ होईल.

डॉ. कोरिटा ग्रुडझेन यांनी न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात आपत्कालीन विभागातूनच सुरुवात केली. प्रगत कर्करोगाचे १३६ रुग्ण. त्यांतल्या निम्म्यांची त्या विभागातूनच पॅलिएटिव्ह पथकाशी गाठ घालून दिली. बारा आठवड्यांनी त्यांचं जगणं इतरांपेक्षा सुसह्य झालेलं दिसलं, आणि आयुष्य कमी झालं नाही. मग त्यांनीच हा प्रयोग २९ आपत्कालीन विभागांत नेला. तिथल्या डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण दिलं, संगणकावर आठवण करून देणारी सोय केली. जवळपास ९९ हजार वृद्ध, गंभीर आजारी रुग्णांचा हिशेब २०२५ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण बदललं नाही.

हा निकाल लपवून चालणार नाही, कारण त्यातच शिकण्यासारखं आहे. पहिल्या अभ्यासात रुग्णाला एक पथक भेटलं, माणसं भेटली. दुसऱ्यात डॉक्टरांना ज्ञान मिळालं. मला त्याचा अर्थ असा लागतो : रात्री दोन वाजता डॉक्टरला कितीही कळत असलं, तरी रुग्णाला घरी पाठवल्यावर तिथे कोण येणार आहे याचं उत्तर नसेल, तर तो भरतीच करणार. आणि त्याच्या जागी आपणही तेच करू.

नको म्हणण्याचा कागद

केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची कहाणी महाराष्ट्र विसरलेला नाही. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली पहिल्यांदा निष्फळ उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि अखेरच्या उपचारांबाबतच्या इच्छापत्राला मान्यता दिली. त्याची पद्धत इतकी किचकट होती की कागद करणं जवळजवळ अशक्य होतं. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. त्याची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. असे अधिकारी महाराष्ट्रात नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनंही हृदय थांबल्यावर पुनरुज्जीवनाचा प्रयत्न कधी करू नये, याच्या सूचना २०२० साली दिल्या आहेत.

पण कायद्याच्या कागदाइतकाच, किंबहुना जास्त उपयोगी असा दुसरा एक कागद आहे. त्याला शिक्का लागत नाही. तो आम्हाला आत्याच्या घरी येणाऱ्या पॅलिएटिव्ह पथकातल्या सिस्टरनं करायला लावला.

तेव्हा आम्ही आत्याला पुण्याला दादाकडे आणलं होतं. सिस्टर पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, आजी, एक पान लिहू. वरच्या अर्ध्यात आजाराचं नाव, कुठे पसरला आहे, शेवटचा उपचार कधी झाला, रोजच्या गोळ्या आणि त्यांची मात्रा, कशाची ॲलर्जी. खालच्या अर्ध्यात : पुढे काय काय होऊ शकतं आणि झालं तर काय करायचं. रुग्णाला आजाराबद्दल किती माहीत आहे. रात्री फोन कुणाला करायचा. आणि शेवटी, रुग्णाला काय हवं आहे.

आम्ही सगळे खोलीत होतो. शेवटच्या ओळीपाशी दादा उठून बाहेर गेला. आत्यानं त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि सिस्टरना म्हणाली, “लिहा. दुखू देऊ नका. नळ्या नकोत. आणि मला बाहेर ठेवून यांच्याशी बोलू नका, माझ्याशी बोला.”

दुसरी रात्र

पहिल्या रात्रीनंतर साडेचार महिन्यांनी दुसरी आली. रात्री दोन वाजता आत्याला धाप लागली. पानावरच्या नंबरला फोन केला, तो उचलला गेला. सांगितलेली मात्रा दिली, टेकवून बसवलं, अर्धा तास वाट पाहिली. आराम पडेना, तेव्हा सिस्टरच म्हणाल्या, छातीत पाणी भरलं असेल, ते काढलं तर बरं वाटेल, घेऊन जा. पान विसरू नका.

पुण्यातल्या या रुग्णालयाची कॅज्युअल्टीही तशीच गजबजलेली होती. ड्यूटीवरची डॉक्टर मुलगी पंचविशी-तिशीची असेल. तिनं आत्याला ऑक्सिजन लावला, पान घेतलं आणि उभ्याउभ्या पूर्ण वाचलं. मग एक स्टूल ओढलं आणि आत्याच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन बसली.

“आजी, आत्ता सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?”

“श्वास.”

“आणि काळजी कशाची वाटतेय?”

आत्याला उत्तर द्यायला वेळ लागला. “इथे मरायचं नाही.”

“बरं. पाणी काढू, धाप कमी करू आणि सकाळी घरी पाठवायचं बघू. चालेल?”

हे बोलणं दोन मिनिटांचंही नव्हतं. मी घड्याळ पाहत होते, पहिल्या रात्रीनं लागलेली ती सवय. सोनोग्राफीत पाणी दिसलं. सुईनं ते काढताना आत्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सैल झाल्या. मॉर्फिनची लहानशी मात्रा दिली. वॉर्डातल्या मावशींनी टेबलफॅन आणून तिच्या चेहऱ्याकडे वळवला. पहाटे पाचच्या सुमारास आत्या झोपली होती आणि तिच्या कानावरचे केस वाऱ्यानं हलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली. एकोणीस दिवसांनी गेली, दादाच्या घरात, खिडकीशी लावलेल्या पलंगावर. शेवटच्या दोन दिवसांत सिस्टर दोनदा येऊन गेल्या. कुणालाही १०८ ला फोन करावा लागला नाही.

त्या दोन रात्री मी पुष्कळदा शेजारीशेजारी ठेवून पाहते. दोन्हीकडे गर्दी तेवढीच होती, डॉक्टर तेवढेच तरुण. दुसऱ्या रात्रीसाठी नवी यंत्रसामग्री कुठून आली नव्हती. फरक पडला तो एका पानानं, कुलूप उघडलेल्या एका औषधानं, रात्री उचललेल्या फोननं आणि घरी परतल्यावर येणाऱ्या माणसानं. हे चारही प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला जमण्यासारखं आहे. निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणात चार तास, मॉर्फिनची मान्यता आणि नोंदवही, एक चोवीस तासांचा नंबर, कॅज्युअल्टी आणि पॅलिएटिव्ह कक्ष यांच्यामध्ये नेमलेली एक सिस्टर. केमो सुरू होतानाच प्रत्येकाच्या हातात त्या पानाचा नमुना. यांतल्या एकालाही नव्या इमारतीचा पाया खणावा लागत नाही.

आत्याचं ते पान माझ्याकडे आहे. तीन घड्या पडलेल्या, एका कोपऱ्याला सलाईनच्या पाण्याचा डाग. ओळखीत कुणाच्या घरी हा आजार निघाला की मी त्याची झेरॉक्स नेऊन देते, भरायच्या जागा कशा असतात ते कळावं म्हणून. शेवटची ओळ तेवढी कागद लावून झाकते आणि मग झेरॉक्स काढते. तिथे जे लिहायचं ते त्या घरातल्या आत्यालाच विचारावं लागतं.